पावसात सुकेल अशी गोधडी, आणि तिच्याआधी शिवायच्या चार वस्तू

माझी पहिली गोधडी मी परदेशी व्हिडिओ बघून केली होती. वर सुंदर चौकोन, मध्ये जाडजूड पॉलिस्टरचं फायबर, खाली फ्लॅनेल, आणि डिसेंबरमध्ये ती इतकी छान दिसत होती की मी सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवले. मग आला जुलै. तिच्यावर चहा सांडला, मी धुतली आणि ती काही केल्या सुकेचना. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, दोरीवर चार दिवस, मग हॉलमध्ये पंख्याखाली दोन दिवस, शेवटी आमच्या आईंनी म्हणजे सासूबाईंनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, ही गोधडी की ओली गादी? हिला वाळवायला दिवाळी उजाडेल." दिवाळीपर्यंत कुठली, गणेशचवथीच्या आधीच तिच्यावर काळे ठिपके आले.

तेव्हापासून आमच्या घरात काहीही शिवायचं तर पहिला प्रश्न एकच, हे पावसात धुतलं तर किती वेळात सुकेल? रंग आणि डिझाइन त्याच्यानंतर. गोव्यात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, इथे थंडी अशी नसतेच, मग कॅनडातल्या बर्फासाठी बनवलेली गोधडी आपण डिचोलीत कशाला करायची? आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचे तीन-चार थर घेऊन धावदोरा (हाताचा साधा सरळ टाका) घातला तो काही गरिबीमुळेच नाही, ती वस्तू या हवेला बरोबर बसते म्हणूनसुद्धा.

खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा आहे. पहिल्या दिवशी गोधडीला हात घालू नका, आधी छोट्या वस्तू करा, त्यात हात बसतो आणि चुकलं तरी वीतभर कापडच वाया जातं.

कापड कुठून आणायचं

निम्मं तर घरातच असतं. जुन्या सुती साड्या, मऊ झालेल्या बेडशीट, नवऱ्याचे कॉलर फाटलेले शर्ट (शर्टाची पाठ म्हणजे फुकटचं सरळ कापड), पंचे, मुलांचे छोटे झालेले फ्रॉक. उरलेलं शिंप्याकडे मागा. ब्लाउज शिवणाऱ्यांकडे कातरणाची पोती भरलेली असतात, चांगली ओळख असेल तर तशीच देतात, फक्त त्यांना "सुती वेगळं ठेवा हां" असं आधी सांगून ठेवा नाहीतर सगळं अस्तराचं सिंथेटिक गळ्यात पडतं. नवीन मलमल किंवा खादी घ्यायची तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरून, हाताने चुरगळून बघून घ्या.

सुती आहे की नाही ते कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही तसाच, आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि कडक काळा मणी उरतो. मिश्र कापड असेल तर दोन्ही होतं, तसलं पिशवीला वापरा, स्वयंपाकघरातल्या वस्तूंना नको आणि बाळाला तर नकोच.

जुनं कापड वापरण्याआधी दोन्ही हातांत धरून जरा जोरात ताणा. टर्रकन फाटलं तर बरंच झालं, गोधडी झाल्यावर फाटण्यापेक्षा आत्ता फाटलेलं चांगलं. साडी घडीवर आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला सगळ्यात आधी विरते, तेवढा भाग सोडून घ्यायचा.

नवीन सुती कापड आधी धुवून आटवलंच पाहिजे. यात आळस केला तर गोधडी पहिल्या धुण्यात एका बाजूने आटते, दुसऱ्या बाजूने नाही, आणि चेटकिणीसारखी वाकडी होते. रंग जातो का ते बघायला कापडाचा कोपरा ओला करून त्यावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा. लाल, मरून, गडद निळा यांच्यावर कधीच डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, मीपण कित्येक वर्षं केलं, पण गिरणीतून रंगवून आलेल्या कापडाला त्याचा उपयोग होत नाही. जास्तीचा रंग पुन्हा पुन्हा धुवूनच काढावा लागतो, चौथ्या धुण्यातही पाणी रंगीत आलं तर ते कापड वेगळं ठेवायचं.

कुणबी साडीचं लाल चौकड्यांचं कापड कुणाकडे असेल तर त्याचा एक फायदा सांगते. ही गोव्याची पारंपरिक साडी अलीकडे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांच्यामुळे पुन्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आली, पण शिवणाऱ्या बाईला तिच्यात दिसते ती मोजपट्टी! चौकडीच्या रेघेवरून कात्री चालवली की चौकोन आपोआप सरळ येतो, खडू नको की स्केल नको. फक्त तो लाल आधी तपासा.

अवजारं आणि मशीन

पायाची जुनी काळी मशीन असेल तरी पुरे, नवीन घ्यायची गरज नाही. कापडासाठी एक कात्री वेगळी ठेवा आणि तिला घरातल्या कुणी कागद कापायला हात लावला तर भांडण करा. मोजपट्टी, खडू, टाचण्या, दोरा उसवायचं हुक, बोटात घालायचं अंगुस्तान, इस्त्री. इस्त्री विसरू नका, निम्मं शिवण इस्त्रीवरच होतं.

सुईचा नंबर लोक बघतच नाहीत. साध्या सुती कापडाला १४ नंबर, मलमलसारख्या तलमला ११, आणि जीन्स किंवा चार-पाच थर असतील तर १६. बोथट सुईने कापड ओढलं जातं आणि टाके सुटतात, मग आपण मशीनला शिव्या देतो. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला तर बॉबिनवर संशय घेऊ नका, बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. काढून, मशीनचा दाबपाय वर करून, परत पहिल्यापासून ओवा.

मशीनला तेल फक्त मशीनचंच. मी एकदा संपलं म्हणून खोबरेल तेल घातलं होतं, दोन महिन्यांनी मशीन अशी चिकटून बसली की चाक फिरेना, मेकॅनिकने सगळं खोलून रॉकेलने धुतलं आणि मला वर भाषणही दिलं. पावसाळ्यात सुयांना गंज चढतो, त्यामुळे सुया आणि टाचण्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत औषधांच्या बाटलीतून येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. गंजलेली टाचणी कापडात राहिली तर तो तपकिरी डाग जात नाही.

पहिली वस्तू, गरम भांड्याची पकड

आठ इंच बाय आठ इंचाचे दोन सुती चौकोन आणि तेवढ्याच मापाचे जुन्या टर्किश टॉवेलचे दोन तुकडे कापा. एक चौकोन उलटा ठेवा, त्यावर टॉवेलचे दोन थर, त्यावर दुसरा चौकोन सुलटा. टाचण्या मारा. आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी टीप मारा, मग तिच्या दोन्ही बाजूंना इंच इंच सोडून समांतर टिपा. नेहमी मधली टीप आधी आणि मग बाहेरच्या, कडेपासून सुरुवात केली तर मध्ये कापड फुगतं. हा नियम पुढे गोधडीलाही लागेल.

कडा सरळ कापून घ्या. मग अडीच इंच रुंदीची पट्टी लांबीत अर्धी दुमडून, तिच्या कापलेल्या कडा पकडीच्या कडेला लावून टीप मारा, पट्टी मागे वळवा आणि हाताने हेमिंग करा. याला गोट म्हणतात. कोपरा कसा वळवायचा ते बाळाच्या गोधडीत सांगते, इथे कोपरे गोल कापले तरी चालतील, पण मग पट्टी तिरक्या कापडाची लागेल, सरळ धाग्याची पट्टी गोल वळणावर चुरगळते. एका कोपऱ्यात टांगायला नाडी.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. यात पॉलिस्टरचा एक तुकडाही नको, तापलेल्या तव्याला चिकटून वितळतं. आणि पकड ओली असताना कधी गरम भांडं धरू नका, पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते. म्हणूनच एक नाही, चार करा, एक दोरीवर, एक हातात.

दुसरी, पोदेराच्या पावाची पिशवी

सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की गेटवर टांगलेली पिशवी लागते आणि बऱ्याच घरांत ती प्लास्टिकची असते, त्यात गरम पावाला घाम येतो. मलमल किंवा जुन्या सुती ओढणीची करा. तेरा इंच रुंद, तीस इंच लांब असा एकच तुकडा. दोन्ही टोकांच्या आखूड कडा आत दुमडून (आधी अर्धा इंच, मग पाऊण इंच) टीप मारून घ्या. मग कापड मधोमध दुमडून बाजू जोडायच्या.

बाजूला इथे फ्रेंच शिलाई घालायची कारण आत सुटे धागे राहिले तर ते पावाला लागतात. आधी कापडाच्या उलट्या बाजू एकमेकांना लावून, म्हणजे पिशवी सुलटी असतानाच, कडेपासून पाव इंचावर टीप मारा. (पावाच्या पिशवीला पाव इंच, लक्षात राहील.) कडा थोड्या कापून बारीक करा, पिशवी उलटी करा, शिलाईवर नीट इस्त्री फिरवा आणि आता कडेपासून पाव इंचापेक्षा जरा जास्तीवर दुसरी टीप. कापलेली कड आत बंद झाली. पिशवी सुलटी केली की काम झालं. टांगायला तीन इंच रुंद आणि वीस इंच लांब पट्टीच्या चार घड्या करून टीप मारा आणि तोंडाच्या आत दोन्ही टोकं चौकोनी शिलाई करून पक्की करा. साधारण बारा इंच रुंद आणि चौदा इंच उंच पिशवी होते. ही अर्ध्या तासात सुकते, भर पावसातही.

कुणाच्या घरी जाताना बिस्किटांचा पुडा नेण्यापेक्षा ही पिशवी न्या, लोक खूश होतात असा माझा अनुभव आहे.

तिसरी, मोडक्या छत्रीची मासळीची पिशवी

दर पावसाळ्यात घरात किमान एक छत्री मोडते. तिचं कापड पाणी धरत नाही, मिनिटात सुकतं, वासही कमी धरतं, मासळी बाजारात न्यायला यापेक्षा चांगलं कापड नाही. काड्यांच्या टोकाचे टाके कापा, मधले बांधलेले दोरे कापा, वरची टोपी काढा, कापड अख्खं निघतं. धुवून वाळवा. मोठ्या छत्रीतून चौदा बाय तीस इंचाचा तुकडा आरामात निघतो, मधलं भोक मध्यावर येईल असं कापा, ते पिशवीच्या तळाला येतं, त्यावर आतून एक छोटं ठिगळ मारा.

या कापडात टाचण्या टोचायच्या नाहीत, भोक कायमचं राहतं. त्याऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. ११ नंबरची सुई, पॉलिस्टरचा दोरा, आणि टाका मोठा ठेवा, बारीक टाके मारले तर तिकिटासारखं फाटतं. इस्त्री अजिबात नाही. तोंडाच्या कडा इंचभर आत दुमडून टीप मारा, दोन्ही बाजू अर्धा इंच सोडून डबल टीप मारून जोडा. मग तळाचा कोपरा असा पसरा की बाजूची शिलाई तळाच्या घडीवर येईल आणि टोकाला त्रिकोण होईल, त्या त्रिकोणावर तीन इंच लांबीची आडवी टीप. दोन्ही कोपऱ्यांना केलं की पिशवीला बूड येतं आणि ती उभी राहते. हँडलला जुन्या दप्तराचा पट्टा उसवून लावा. छत्री खूप जुनी असेल आणि आतला लेप पापुद्र्यासारखा निघत असेल तर ती सोडून द्या.

चौथी, अभ्रा, पटकन सांगते

सतरा बाय सत्तावीसची उशी असेल तर अठरा इंच रुंद आणि बासष्ट इंच लांब कापड. आखूड कडा इंच इंच दुमडून टीप मारा, लांबी साठ उरेल. कापड सुलटं पसरा, उजवं टोक डावीकडे आणा पण डावीकडे सहा इंच उघडे राहू द्या, मग ते सहा इंच वरून दुमडा. लांब बाजूंवर अर्ध्या अर्ध्या इंचावर टीप. सुलटं केलं की ते सहा इंच आत जातात आणि उशी त्यांच्याखाली दडते. बटण नाही, चेन नाही. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी सहा इंच दुमडून मग टोक वर आणलं, तर झाकण बाहेर येतं, मी दोनदा केलंय.

आता बाळाची गोधडी

बारशाला द्यायची म्हणून बहुतेक जणी ही करतात, म्हणून जरा सावकाश सांगते. माप छत्तीस बाय छत्तीस इंच. पाच इंचाचे चौसष्ट चौकोन लागतात, आठ ओळी आणि ओळीत आठ. जोडताना सगळीकडे पाव इंच शिलाईत जातं, त्यामुळे प्रत्येक चौकोन शेवटी साडेचार इंचाचा दिसतो आणि आठ गुणिले साडेचार बरोबर छत्तीस. पुठ्ठ्याचा अचूक पाच इंचाचा साचा कापून घ्या आणि सगळे चौकोन त्याच्यावरूनच आखा, आधीच्या चौकोनावरून पुढचा आखला की प्रत्येक वेळी खडूच्या रेघेएवढी चूक वाढत जाते आणि विसाव्या चौकोनाला तो सव्वापाच झालेला असतो.

चौकोन जमिनीवर मांडा, लांब उभं राहून डोळे किलकिले करून बघा, गडद रंग एकाच कोपऱ्यात जमलेत का. मोबाईलवर फोटो काढा कारण मांजर येतंच. मग ओळीओळीने जोडा. पाव इंच सगळीकडे सारखं येणं महत्त्वाचं, त्यासाठी सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या.

पहिल्या ओळीतल्या शिलाया इस्त्रीने डावीकडे पाडा, दुसऱ्या ओळीतल्या उजवीकडे, तिसऱ्या परत डावीकडे. ओळी एकमेकींना जोडताना या उलटसुलट पडलेल्या शिलाया एकमेकींत खटकन बसतात, बोटालाच कळतं, आणि चौकोनांचे कोपरे जुळतात. एवढी एक गोष्ट केली की तुमची गोधडी शिकाऊ वाटत नाही.

आतला थर काय घ्यायचा? फायबर नको, ते कळलंच असेल. एक जुनी मऊ सुती बेडशीट किंवा मलमलच्या साडीचे दोन थर, बस. खालचा थर म्हणजे पाठ आणि हा आतला थर, दोन्ही वरच्यापेक्षा सगळीकडून दोन इंच मोठे हवेत, म्हणजे साधारण चाळीस बाय चाळीस. पाठ जमिनीवर उलटी पसरून कडांना चिकटपट्टीने ताणून चिकटवा (ओढून नाही, नुसती सुरकुती जाईल एवढी), त्यावर आतला थर, त्यावर चौकोनांचा थर सुलटा. आता मधून बाहेरच्या बाजूला चार-चार इंचावर लांब कच्चे टाके घाला. हे कंटाळवाणं काम आहे, गुडघे दुखतात, पण ज्यांनी हे टाळलं त्यांच्या गोधडीच्या पाठीला चुण्या पडल्या आहेत. लहान बाळासाठी असल्यामुळे टाचण्या किंवा सेफ्टी पिना मोजून लावा आणि मोजून काढा, मी वहीत आकडा लिहून ठेवते.

मग धावदोरा. चौकोनांच्या जोडापासून पाव इंच आत, हाताने, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवायची, वर ठेवली तर बाळाच्या अंगाला बोचते. मशीनने करायचं तर टाका मोठा करून सरळ ओळी मारा, मधली आधी.

गोट. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या, कापडाचा पन्हा (रुंदी) चव्वेचाळीस असेल तर चार पुरतात, छत्तीस असेल तर पाच. टोकं तिरकी जोडा म्हणजे जोडावर जाड होत नाही. लांबीत अर्धी दुमडून इस्त्री करा. गोधडीच्या कडा सरळ कापा, पट्टीच्या कापलेल्या कडा गोधडीच्या पुढच्या बाजूच्या कडेला लावा आणि कोपऱ्यात नाही, बाजूच्या मध्यापासून सुरू करा, पहिला वीतभर भाग मोकळा सोडून. पाव इंचावर टीप. कोपरा पाव इंच राहिला की थांबा, दोरा कापा, पट्टी सरळ वर दुमडा (तिरकी घडी पडेल), मग तशीच खाली पुढच्या बाजूवर आणा आणि वरच्या कडेपासून परत टीप सुरू करा. पट्टी मागे वळवली की कोपऱ्याला फोटोफ्रेमसारखी तिरकी घडी येते. चारही कोपरे झाले की सुटी टोकं जोडा, पट्टी मागे वळवून हाताने हेमिंग. एक सिनेमा बघत होतं हे.

मणी, टिकल्या, बटणं, लोकरीचे गोंडे, आरसे बाळाच्या गोधडीला नको, तोंडात जातात. आणि देताना आईला सांगा की ही जमिनीवर अंथरायला, मांडीवर घ्यायला, बाळ जागं असताना खेळवायला आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर झोपताना सैल पांघरूण नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली गोधडी बाळाला देऊ नका, त्यातल्या नॅफ्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ होते, हे साधं वाटलं तरी गंभीर असतं. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

मोठी गोधडी, मशीनशिवाय

चवथीला गावच्या घरात सगळे जमले की हॉलमध्ये ओळीने झोपतात आणि अंथरुणं कमी पडतात, त्यासाठी हीच लागते. सहावारी सुती साडी म्हणजे साडेपाच मीटर, इंचात दोनशे सोळा, पन्हा पंचेचाळीसच्या आसपास. एका साडीतून नव्वद इंचाचे दोन तुकडे निघतात, म्हणजे पंचेचाळीस बाय नव्वदचे दोन थर, आणि दुसऱ्या साडीतून तिसरा. तीन थर. चौथा घालायचा मोह होतो, घालू नका, दोरीवर टाकल्यावर कळेल.

काठ सगळ्यात बाहेर येतील असे ठेवा, मजबूत असतात. कडा एक इंच आत दुमडून चारही बाजूंनी धावदोरा, मग मधोमध उभी ओळ, मग दोन्हीकडे इंच इंच अंतरावर. चव्वेचाळीस-पंचेचाळीस ओळी, प्रत्येक नव्वद इंच, म्हणजे नुसता दोराच शंभर मीटरच्या वर लागतो. जाड सुती दोरा दोन रिळं आणा, एकाच रंगाची, नंतर तीच शेड मिळत नाही. रोज दोन ओळी केल्या तर महिन्याच्या आत होते.

जमिनीवर पसरून टाचायचं झेपत नसेल तर सिद्द्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, बघा. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड भागात सिद्दी समाज राहतो, पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि इथून घाटावरच्या जंगलात पळून गेलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात बरेच आहेत. त्यांच्या बायका गोधडी मधून नाही, कडेपासून करतात. पाठीचं कापड मांडीवर घ्यायचं, कोपऱ्यापाशी कड आत दुमडून त्यावर पहिला तुकडा ठेवायचा, त्याचीही कड दुमडायची आणि धावदोरा सुरू. कड संपेपर्यंत शेजारी तुकडे लावत जायचं, प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढवून, मग आतल्या फेऱ्या, गोल गोल फिरत मध्यावर येऊन संपवायचं. तुकडे लागतात तसेच शिवलेही जातात, त्यामुळे कच्चे टाके नाहीत, साचा नाही, तुकडे कसलेही वेडेवाकडे चालतात. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं त्रिकोणी फूल लावतात. माझ्या मते नवशिक्या बाईला चौसष्ट चौकोन मोजत बसण्यापेक्षा हीच सोपी, फक्त मध्यावर येताना कापड फुगतंय का ते दर फेरीला हाताने सपाट करून बघायचं.

धुणं आणि ठेवणं

काम दिवाळीनंतर सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत संपवा, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करतो तेव्हाच गोधड्याही उन्हात घालून निघाल्या पाहिजेत. दोन-तीन दिवस कडक ऊन, उलटसुलट, आणि थंड झाल्यावरच घडी घाला, गरम असताना कपाटात बंद केली तर आत दमटपणा धरते. पावसात धुवावीच लागली तर सकाळी, आणि दोन दोऱ्यांवर तंबूसारखी पसरून म्हणजे मधून वारा जातो. कुबट वास आला तर शेवटच्या पाण्यात वाटीभर पांढरा व्हिनेगर.

त्या पहिल्या गोधडीचं काय केलं ते सांगायचं राहिलं. सगळी उसवली. ठिपके आलेलं फ्लॅनेल टाकलं, फायबर धुवून बाल्कांवातल्या सोप्याच्या, म्हणजे बसायच्या बाकाच्या, उशांत भरलं आणि वरच्या चौकोनांना मागे आईंच्या एका जुन्या साडीचा थर लावून परत धावदोरा घातला. मागच्या जुलैत नातवाने, म्हणजे माझ्या मुलाने, तिच्यावर दुधाचा पेला उलटा केला. सकाळी धुतली, संध्याकाळी आईंनी हात लावून बघितलं, काही बोलल्या नाहीत, घडी घालून आपल्या खोलीत घेऊन गेल्या.